देवदाराचे नाव आणि धुपाचे झाड

कोल्हापूरच्या महाद्वार रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात, जेथे भिंतीभर मांडलेल्या पत्र्याच्या डब्यांवरील नावे दुकानदाराला वाचावी लागत नाहीत आणि गिऱ्हाइकाचे मागणे पुरे होण्याआधीच त्याचा हात नेमक्या डब्यावर गेलेला असतो, तेथे जाऊन आपण दहा-वीस रुपयांचे तालीसपत्र मागितले, तर कागदात बांधून मिळणारी ती चपटी, वाळलेली, तपकिरी पाने वस्तुतः हिमालयात नऊ-दहा हजार फुटांच्या वर वाढणाऱ्या एका सूचिपर्णी वृक्षाची असतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. खोकल्यावरच्या तालीसादी चूर्णापुरताच त्यांचा आणि आपला संबंध. परंतु पुडी सोडून त्यातली दोन पाने तळहातावर चुरडून नाकाशी धरली, तर क्षीण का होईना, एक थंड, किंचित आंबूस, चिकाची आठवण देणारा वास येतो. आणि ज्याने कधी मनालीच्या किंवा चक्रात्याच्या वाटेवर पहाटे देवदारांखालून पायी प्रवास केला असेल, त्याला महाद्वाराच्या गर्दीत उभ्या उभ्या त्या रानाचे स्मरण होते. मला ते प्रथम झाले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, आणि तेव्हापासून या वासाचा माग काढणे हा माझा एक छंदच होऊन बसला आहे.

अलीकडे बाजारात 'पाइन', 'देवदार', 'सीडर' किंवा नुसतेच 'अरण्य' अशी नावे धारण करणारी अत्तरे, उदबत्त्या, धूपकांड्या आणि मोटारीत टांगावयाच्या कुप्या पुष्कळ येऊ लागल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर 'नैसर्गिक' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. सूचिपर्णी अरण्याचा सुगंध नैसर्गिक द्रव्यांतून निर्माण करण्याची ही हौस मला मुळीच निंद्य वाटत नाही. उलट, शेकडो कोसांवरचे रान आपल्या माजघरात आणण्याची मनुष्याची इच्छा फार जुनी आणि फार सुसंस्कृत आहे असेच मी मानतो. माझी तक्रार निराळी आहे. सुगंध ज्या झाडाचा, त्या झाडाचे नाव, त्याचा मुलूख आणि तो सुगंध काढताना त्या झाडाचे काय झाले याचा दाखला ग्राहकाला मिळाला पाहिजे, आणि तो आज मिळत नाही.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सूचिपर्णी वृक्षांचे नैसर्गिक रान नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवले पाहिजे. पन्हाळ्याच्या तटावर उभे राहिले तरी नाही, राधानगरी-दाजीपूरच्या दाट जंगलात गेले तरी नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील ज्या सुरूच्या बनाला पर्यटक हौसेने पाइनचे जंगल म्हणतात, तो सुरू फुले येणाऱ्या वृक्षांपैकी आहे. त्याच्या हिरव्या सुया म्हणजे त्याची पानेसुद्धा नव्हेत, तर बारीक सांध्यांच्या डहाळ्या होत, आणि त्यांत चिकाचा सुगंध नाही. दक्षिण भारताच्या घाटांत निसर्गतः वाढणारा सूचिपर्णी कुळातील एकच वृक्ष आहे, तो आपल्या महाराष्ट्राच्या हद्दीच्या पुष्कळ खाली वाढतो, आणि गंमत अशी की त्याची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात.

असे असूनही सूचिपर्णी वृक्षांनी कोल्हापूरकराच्या आयुष्यात जन्मापासून प्रवेश केलेला आहे. बाळंतिणीला जो देवदार्वादी काढा देण्याची आपली वैद्यकी परंपरा आहे, त्याचे नावच देवदारावरून पडले आहे, आणि तिच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग घातलेल्या शेगडीच्या धुरीबरोबर त्या काढ्याचा कडवट, लाकडी वास मिसळलेला असतो. ज्या वासात आपण जगातला पहिला श्वास घेतला, त्यात हिमालयाचा एक अंश होता. पुढे गुजरीत सोनाराच्या पेढीवर आणि हुपरीत चांदीच्या कारागिराकडे, पत्रा ज्या राळेच्या गोळ्यात बसवून ठशाचे काम करतात ती राळ ऊन होताच जो जड, गोडसर वास सुटतो, तो पुष्कळदा चीड या हिमालयीन वृक्षाच्या चिकाचा असतो, कारण बाजारात राळ म्हणून मिळणाऱ्या मालात चिडाची राळ फार मोठ्या प्रमाणात असते. आणि ज्या नगरीत अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायक शाहू महाराजांच्या आश्रयास राहिला, त्या नगरीच्या बैठकींत साथीला बसलेल्या सारंगियाने गजाच्या केसांवर राळेचा खडा चोळल्याशिवाय पहिला सूर कधी लागला नसेल. त्या खड्याचा धुरळा दिव्याच्या उजेडात उडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचा वासही आठवत असेल.

या सर्वांहून निकटचा संबंध कापराचा. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या आरतीत जो कापूर जळतो, तो एका अर्थी चिडाच्या रानाचा पुनर्जन्म आहे, हे विधान वाचकाला चमत्कारिक वाटेल, म्हणून ते थोडे सविस्तर मांडतो. मूळचा कापूर निघे तो चीन, जपान आणि फॉर्मोसा म्हणजे आजचे तैवान येथे वाढणाऱ्या कर्पूरवृक्षाचे लाकूड वाफेवर शिजवून. भीमसेनी कापूर निघे तो सुमात्रा-बोर्निओच्या अरण्यातील एका अगदी निराळ्या महावृक्षाच्या पोटातून. फॉर्मोसातील कापरावर १८९९ साली जपान सरकारने मक्ता बसविला. त्या काळात कापराला धर्मकार्याहून मोठे गिऱ्हाईक मिळाले होते ते सेल्युलॉइडचे. कारण सेल्युलॉइड म्हणजे रसायनाने संस्कारलेला कापूस आणि कापूर यांचा संयोग. १९२० साली बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' ज्या चित्रफितीवर उतरली तीत कापूर होता, आणि तिच्या यशासाठी कोणी अंबाबाईपुढे आरती ओवाळली असेल तर त्या तबकातही कापूरच होता. कलेची आणि श्रद्धेची इतकी शारीरिक सोयरीक मला दुसरीकडे कोठे दिसलेली नाही. पण मूळ मुद्द्याकडे येतो. मक्त्यामुळे आणि मागणीमुळे शास्त्रज्ञ दुसरा मार्ग शोधू लागले. १९०३ साली फिनलंडचे गुस्ताफ कोम्पा यांनी प्रयोगशाळेत कापूर घडवून दाखविला, आणि कारखानदारीत जो मार्ग रूढ झाला तो टर्पेंटाइनवरून जाणारा. चिडासारख्या वृक्षाच्या खोडाला खाच पाडून जमविलेला चीक ऊर्ध्वपातित केला की खाली सुमारे तीन-चतुर्थांश राळ उरते आणि वर टर्पेंटाइनचे तेल निघते. त्या तेलातील अल्फा-पाइनिन या द्रव्यापासून कँफीन, त्यापासून आयसोबोर्निऑल आणि शेवटी कापूर, असा तो प्रवास आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खोपोलीच्या परिसरात, हा कापूर तयार होतो. तेव्हा देवीपुढे आज जळणारा कापूर कृत्रिम म्हणावा, तर त्याचा मूळ द्रव झाडाचा आहे. नैसर्गिक म्हणावा, तर तो कर्पूरवृक्षाचा नाही. 'नैसर्गिक' या एका शब्दाने या प्रश्नाचा निवाडा होत नाही, हे यावरूनच स्पष्ट व्हावे.

आणि याच टर्पेंटाइनपासून जे 'पाइन ऑइल' करतात, ते फरशी पुसण्याच्या पांढऱ्या फिनेलात घातले जाते. परिणाम असा झाला आहे की आमच्या दोन पिढ्यांच्या नाकांना सूचिपर्णी अरण्याची पहिली ओळख इस्पितळाच्या बोळात आणि रेल्वे स्थानकाच्या मुतारीत झाली, आणि तो वास म्हणजे आजारपण व अस्वच्छता झाकणारा वास, असा समज मनात घट्ट बसला. एका उदात्त गंधाची ही अधोगती मला मनापासून दुःखदायक वाटते. हिमालयात गेलेल्या माझ्या एका तरुण आप्ताने देवदारांच्या वनात खोल श्वास घेऊन, "काका, इथं फिनेलचा वास येतोय," असे म्हटले होते. मी त्याला काही उत्तर दिले नाही, कारण त्याचा अपराध नव्हता.

सूचिपर्णी रानाचा सुगंध हा एका द्रव्याचा नसतो. अल्फा आणि बीटा पाइनिन त्याला तीक्ष्णपणा देतात, लिमोनिन लिंबाच्या सालीची झाक देते, आणि ज्याला आपण खरा 'रानाचा' थंडावा म्हणतो तो बराचसा बोर्निल ॲसिटेट नावाच्या द्रव्याचा असतो, जे फर जातीच्या पानांच्या तेलात विशेष असते. देवदाराच्या लाकडाचा प्रकार या सर्वांहून वेगळा. तो वास जड, संथ, किंचित गोड, जुन्या पेटाऱ्यासारखा, आणि वस्त्रावर दिवसेंदिवस टिकणारा. त्यातील प्रमुख द्रव्यांपैकी हिमाचलीन आणि हिमाचलॉल यांच्यावरील मूलगामी संशोधन १९६० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी यांनी केले, याचा आम्हा महाराष्ट्रीयांना अभिमान वाटावयास हरकत नाही. पाषाणच्या माळावर बसून त्यांनी हिमालयाच्या वृक्षाचे अंतरंग उकलले. त्याच डॉ. सुख देव यांनी चिडाच्या टर्पेंटाइनमधील लाँगिफोलीन या द्रव्याच्या अध्ययनाला आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे दिली.

एवढे ज्ञान आपल्याच भूमीत जमा असताना बाजाराची रीत कशी आहे ते पाहा. दोन वर्षांपूर्वी येथील एका दुकानातून, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, मी 'शुद्ध देवदार अत्तर' म्हणून एक कुपी घेतली. फाया कानात ठेवताच पहिली दहा मिनिटे नाक झोंबेल असा तीक्ष्ण वास आला, आणि तासाभरात तो असा नाहीसा झाला की कानात नुसता कापूसच उरला. देवदाराच्या लाकडाचे तेल याच्या नेमके उलट वागते. ते सावकाश उमलते आणि रात्रभर रेंगाळते. मी परत जाऊन विचारले, तेव्हा दुकानातला प्रौढ गृहस्थ तितक्याच सरळपणे म्हणाला, "साहेब, डबा बाहेरनं येतोय, आम्ही नुस्तं कुपीत भरतोय बघा." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. डब्यावर काय लिहिले होते तेवढे त्याला ठाऊक होते, आणि डबा भरणाऱ्याला त्याच्या आधीच्या डब्यावरचे ठाऊक असेल. जेथे प्रत्येक जण मागच्याच्या शब्दावर विसंबतो आणि मूळ झाडापाशी कोणीच गेलेला नसतो, तेथे खोटे बोलणारा एकही मनुष्य नसताना खोटा माल सुखाने खपतो.

आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार घेऊन, त्यांची प्रमाणे आलटून पालटून, १,७४,७२० सुगंध कसे सिद्ध होतात याचा हिशेब मांडला. पण त्या प्रचंड संख्येच्या बुडाशी सोळा द्रव्ये नावानिशी उभी आहेत. ज्यांच्या अधिसत्तेखाली आमच्या करवीरचे शिलाहार राज्य करीत होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या उपभोगांमध्ये धूपभोगाला निराळे स्थान आहे. आणि मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी ज्या दुर्मीळ पोथीकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तीत गंगाधराच्या 'गंधसारा'बरोबर 'गंधवाद' नावाचा जो ग्रंथ आहे, त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ती पोथी १९८९ साली छापून प्रसिद्ध केली. म्हणजे कोणे एके काळी मराठी बोलणाऱ्या गांध्याला किंवा त्याच्या यजमानाला द्रव्य कोणते, त्यावर संस्कार कोणता, हे मराठीतून समजावून घेण्याची गरज वाटत होती, आणि ती पुरविणारा पंडितही होता. आज त्याच भाषेतल्या ग्राहकाच्या हाती 'फॉरेस्ट फ्रेश' एवढे दोन शब्द ठेवून त्याची बोळवण केली जाते.

सूचिपर्णी वृक्षांच्या सुगंधाविषयी मला सर्वांत खोल बोध झाला तो मात्र कोणत्याही गंधशास्त्राच्या ग्रंथातून नव्हे, तर कालिदासाकडून. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात हिमालयाचे वर्णन करताना तो सांगतो की, गालाची कंड शमविण्यासाठी हत्ती सरल म्हणजे चिडाच्या वृक्षांवर अंग घासतात, त्यामुळे त्या वृक्षांतून चीक पाझरतो आणि त्याच्या गंधाने शिखरे सुवासिक होतात. 'मेघदूता'त देवदाराच्या पालवीच्या मिटलेल्या पुड्या उमलवून, त्यांच्या चिकाने सुगंधित होऊन दक्षिणेकडे निघालेल्या वाऱ्यांना यक्ष मिठी मारतो. इतके सर्व रम्य आहे. पण 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात राजा दिलीपाला गुहेशी अडविणारा सिंह जे सांगतो ते याच दृश्याचे दुसरे अंग आहे: समोरचा तो देवदार शंकराने पुत्र मानलेला आहे, एकदा एका रानहत्तीने गाल घासून त्याची साल सोलली, तेव्हा पार्वतीला असा शोक झाला, जसा असुरांच्या अस्त्रांनी घायाळ झालेला प्रत्यक्ष कार्तिकेय पाहून व्हावा, आणि तेव्हापासून हत्तींना धाक बसावा म्हणून शंकराने सिंहाला तेथे पहाऱ्यास नेमले. एकच हत्ती, एकच गाल, एकच घर्षण. एका काव्यात त्यातून शिखरे दरवळतात, दुसऱ्यात त्यापायी मातेच्या डोळ्यांत पाणी येते. कवीने या दोन प्रसंगांची सांगड घातलेली नाही, आणि टीकाकारांनी घातली असेल तर माझ्या वाचनात नाही; परंतु वनस्पतिशास्त्र नेमके तेच सांगते. चीक हा त्या झाडाचा जखमेवरचा उपाय आहे. साल फाटली की कीटक आणि बुरशी आत शिरू नयेत म्हणून वृक्ष तो सोडतो, त्यातील हलकी द्रव्ये उडून जातात, जड राळ जखमेवर खपली धरते. आणि जे उडून जाते त्यालाच आपण सुगंध म्हणतो.

हे एकदा मनात ठसले म्हणजे 'नैसर्गिक' या शब्दाचा दर्प आपोआप उतरतो. नैसर्गिक सुगंध म्हणजे कोठल्या तरी झाडाला केलेली खाच. चिडाच्या चिकासाठी उत्तराखंडात आणि हिमाचलात खोडांवर जे घाव घालतात, ते बेताने आणि नियमाने घातले तर वृक्ष वर्षानुवर्षे चीक देतो. लोभाने खोल घातले तर तो वाऱ्याने मोडतो, आणि उन्हाळ्यात रानाला वणवा लागला की चिकाने माखलेली ती जखमच प्रथम पेट घेते. देवदाराचे तेल मुख्यतः लाकडाच्या टाकाऊ भागातून, बुंधे-मुळ्यांतून आणि भुशातून वाफेने काढतात, त्यामुळे तो व्यवहार प्रामाणिकपणे चालला तर त्यात वृक्षहत्येचे वेगळे पाप नाही; परंतु ज्या वृक्षाची मागच्या शतकांत रेल्वेच्या स्लीपरांसाठी मोठी तोड झाली, त्याच्या बाबतीत लाकूड कोठून आले हे विचारण्याचा हक्क समाजाने सोडता कामा नये. उलट, कृत्रिम म्हटले की नाक मुरडण्याचेही कारण नाही. फॉर्मोसाच्या कर्पूरवृक्षावरचा भार हलका झाला तो कारखान्यातल्या कापरामुळे. जे कृत्रिम असेल ते कृत्रिम म्हणून विकावे, जे देवदाराचे असेल ते देवदाराचे म्हणून, आणि त्यावर वृक्ष, त्याचा घेतलेला भाग, प्रांत आणि काढण्याची पद्धत या चार बाबी मराठीत छापाव्यात. तुरीच्या डाळीच्या पाकिटावर जर मालाचे नाव, वजन आणि तारीख लागते, तर देवापुढे लावावयाच्या वस्तूला त्याहून कमी शिस्त का असावी? सरकारने या बाबीचा हुकूम काढावा हे तर खरेच. परंतु त्याची वाट न पाहता आमच्या शहरातील व्यापारी मंडळींनी आपल्यापुरता असा शिरस्ता पाडला, तर त्यांचा माल महाग असूनही खपेल, असा मला भरवसा आहे. कोल्हापूरचा माणूस गुळाची ढेप बोटाने दाबून आणि चपलेचे कातडे वाकवून पाहणारा आहे; त्याला पारख करता येत नाही असे नाही, पारखण्यासाठी त्याच्या हाती काही दिलेले नाही.

येथे कोणी विचारील की, मग ज्याला रानाचा तो थंड, चिकाळ सुगंध हवा आहे त्याने हिमालयाकडेच डोळे लावून बसावे काय? आणि कोणी याहून पुढे जाऊन म्हणतील की, पन्हाळ्याला किंवा आंबा घाटात सूचिपर्णी झाडे लावून ते रान येथेच का उभे करू नये? हा दुसरा विचार हल्ली विश्रामगृहांच्या आवारांत प्रत्यक्षात उतरतोही आहे. 'क्रिसमस ट्री' म्हणून रोपवाटिकेत मिळणारी, पॅसिफिकमधील दूरच्या बेटांवरून आलेली ती सरळसोट झाडे जांभ्याच्या सड्यावर रांगेने उभी केलेली पाहिली की मला अस्वस्थ वाटते. सड्यावर पावसाळ्यात जी इवलीशी फुले येतात त्यांचा हक्क त्या जमिनीवर आधीचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच सह्याद्रीत उभे आहे, आणि त्याचे नाव 'धूप'. देवापुढे जळतो त्या पदार्थाचे आणि तो देणाऱ्या वृक्षाचे नाव आपल्या लोकांनी एकच ठेवले, यातच त्या झाडाची थोरवी आली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सीमेवरील सदाहरित रानांपासून खाली केरळापर्यंत वाढणारा हा उंच वृक्ष गुग्गुळाच्या कुळातला, म्हणजे सालई आणि हिराबोळ यांचा भाऊबंद. सूचिपर्णी वृक्षांशी त्याचे रक्ताचे नाते काहीच नाही. त्याची कोवळी पालवी अशी लालभडक असते की दरीच्या पलीकडूनही ती फुलांचा घोस वाटावी. त्याच्या सालीतून जो चीक येतो तो वाळून काळा, काचेसारखा चमकदार होतो, म्हणून व्यापारात त्याला काळा डामर म्हणतात. आणि त्याचा खडा निखाऱ्यावर टाकला की जो धूर उठतो, त्यात लिंबाच्या सालीची आंबूस झाक आणि तिच्यामागून अगदी स्पष्ट असा चिडाच्या रानाचा थंडावा येतो. हा भास नव्हे. पाइनिनादी जी उडून जाणारी द्रव्ये हिमालयाच्या चिकात आहेत, त्यांच्याच जातीची द्रव्ये या चिकात आहेत. सातपुड्याच्या आणि मेळघाटच्या सालईच्या डिंकातही ती आहेत, इतकी की त्याचे तेल टर्पेंटाइनसारखेच भासते. नात्यात नसलेल्या झाडांनी एकाच संकटावर एकच तोड काढली, आणि त्यामुळे दाजीपूरच्या वाटेवर सूचिपर्णी अरण्य नसतानाही त्याचा श्वास घेता येतो. मी तो घेतला आहे. पाऊस उघडल्यावर, भिजलेल्या जांभ्याचा, कुजत्या पानांचा आणि रानातल्या दालचिनीचा वास चालू असताना मध्येच ती थंड रेघ आली, आणि मी जागच्या जागी थांबलो.

पण या झाडाची हकीकत सुखाची नाही. पश्चिम घाटात अनेक ठिकाणी धुपाचा चीक अधिक आणि लवकर मिळावा म्हणून बुंध्याची साल तासतात आणि तेथे जाळ करतात; झाड वेदनेने भरभरून चीक देते, आणि काही वर्षांत मरते. बी रुजण्यास छायेचे दाट रान लागते, फळे दूरवर नेण्यास धनेशासारखे मोठे पक्षी लागतात, आणि ही दोन्ही कमी होत आहेत. 'सह्याद्रीचा अस्सल धूप' असे पाकिटावर वाचून जो भाविक तो श्रद्धेने विकत घेतो, त्याला जर ठाऊक झाले की त्याच्या चिमूटभर धुपासाठी शंभर वर्षांचा वृक्ष बुडाशी भाजला गेला, तर तो धूप देवीपुढे ठेवण्यास त्याचा हात धजावेल असे मला वाटत नाही.

म्हणून माझी तजवीज अशी आहे. अंबाबाई आणि जोतिबा यांच्यासह तीन हजारांच्या वर मंदिरांचा कारभार पाहणारी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती, वन खाते आणि शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, ज्याच्या अध्यापकांनी २००२ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींची समग्र नोंद ग्रंथरूपाने सिद्ध केली, या तिघांनी मिळून घाटमाथ्यावरील देवरायांत धुपाची लागवड हाती घ्यावी. जाळ न करता, उथळ खाच घेऊन, आळीपाळीने झाडांना विश्रांती देऊन चीक काढण्याची रीत स्थानिक धनगर आणि कातकरी बांधवांना, त्यांच्याच अनुभवाचा आधार घेऊन, घालून द्यावी. आणि त्या चिकाचा पहिला हक्कदार म्हणून देवस्थानानेच तो रास्त दराने खरेदी करावा. जोतिबाच्या चैत्री यात्रेला दवणा वाहण्याची जी वहिवाट आहे तिच्याकडे पाहा: देवाला एक विशिष्ट सुगंधी वनस्पती लागते, एवढ्यामुळे तो दवणा पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी लावीत आला आहे. देवाच्या आवडीने जे दवण्याचे झाले ते धुपाचे होऊ नये, असे काही नाही. फरक एवढाच की दवणा एका हंगामात हाती येतो आणि धुपाला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

या दीर्घ मुदतीची धास्ती कोल्हापूरकरांनी बाळगू नये, कारण कोल्हापूरच्या जुन्या राज्याच्याच दफ्तरात तिचे उत्तर आहे. बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत, जे 'आज्ञापत्र' लिहिले, त्यात आरमाराच्या लाकडाची बाब लिहिताना आंबा, फणस आदी झाडांना हात लावू न देण्याविषयी सक्त ताकीद आहे, आणि तिचे कारणही दिले आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात, ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पारावार राहात नाही. शिवपार्वतींचा देवदार आणि बावडेकर अमात्यांचा फणस यांच्यामध्ये हजार-बाराशे वर्षांचे आणि तितक्याच मैलांचे अंतर असेल, परंतु झाड म्हणजे लेकरू हा शब्द दोन्हीकडे एकच आहे; एकीकडे तो काव्यात आला, दुसरीकडे सरकारी हुकमात. मला दुसऱ्याचे मोल अधिक वाटते, कारण हुकमात आलेला शब्द अंमलदाराला बांधतो.

मागच्या श्रावणात घाटमाथ्यावरील एका गावच्या वृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्या देवराईतील धुपाचे झाड दाखविले. बुंध्याशी कमरेइतक्या उंचीवर एक जुना, काळवंडलेला घाव होता, फार वर्षांपूर्वी कोणी जाळ केल्याचा. त्याच्या कडा सालीने आत वळून बऱ्याच मिटत आणल्या होत्या, आणि एका फटीतून काळ्या चिकाचा बोटभर ओघळ आपला आपण सुटून वाळला होता. त्यांनी तो हाताने न तोडता, खाली गळून पडलेला एक तुकडा पाचोळ्यातून उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. निघताना ते एवढेच म्हणाले, "कुठं मिळाला म्हणून कुणी विचारलं तर सांगू नका." या लेखात मी झाडांची, ग्रंथांची आणि गावांची पुष्कळ नावे घेतली, आणि मालावर नाव असावे असा आग्रहही धरला, त्या गावाचे नाव मात्र मी लिहीत नाही.